कॅरियरवरची जागा

आमच्या थोरलीने दुसरं लग्न केलं आणि नव्या जावयाला घेऊन ती पहिल्यांदा घरी आली, त्या वर्षीची ही गोष्ट. जावई भला माणूस. चहा पिता पिता त्याची नजर अंगणातल्या आमच्या गाडीवर गेली.

"बाबा, ही अजून चालते?"

"चालते कसली," हे म्हणाले, "चढते."

गाडी म्हणजे चार जाड चाकांची, मोटारसायकलसारखं हँडल असलेली डोंगरगाडी. चालताना तिरकी जायची म्हणून आम्ही तिला खेकडा म्हणायचो. माझा नवरा वस्तीचा पाणीवाला. डोंगरावर झरा, झऱ्याखाली टाकी, टाकीपासून खाली घरोघरी नळ. रोज सकाळी वर जायचं, झऱ्याच्या तोंडावरच्या जाळीतली पानं आणि गाळ काढायचा, मग टाकीचा व्हॉल्व्ह खोलायचा. पाईप फुटला तर सामान घेऊन पुन्हा वर. एवढं चालत जायचं वय केव्हाच सरलं होतं.

वाटेत एक जागा अशी, की रस्ता डोंगराच्या पोटातून आडवा जातो आणि दरीकडे कलतो. तिथे खेकड्याची वरच्या बाजूची चाकं जमिनीवरून उचलली जायची. म्हणून मी सोबत. मागच्या कॅरियरवर बसायचे. ती जागा आली की हे ओरडायचे, "डोंगराकडे!" मी एक पाय दांडीखाली अडकवून सगळं अंग डोंगराच्या बाजूला टाकायचे, पार बाहेर लोंबायचे. चाकं टेकायची आणि गाडी पुढे निघायची. मुली झाल्या, मोठ्या झाल्या, परक्या घरी गेल्या, तरी आमचं हे रोजचं चालूच.

"माझं वजन कुठे गेलं?" निघताना हे अंगणातून हाक मारायचे. एकदा तापाने मी उतरले, तर म्हणाले, "अगं, नीट जेव. तू वाळलीस तर मी जाईन दरीत."

अक्षरं मला धाकटीने शिकवली, तोवर माझे केस पिकले होते. शिकल्यावर दिसेल ते वाचत सुटले. डबे वाचले, दुकानांच्या पाट्या वाचल्या. एक दिवस कॅरियर पुसताना त्याच्या मागच्या पत्र्यावरची उडालेली अक्षरं लावून वाचली. 'येथे माणसाने बसू नये.' मी यांना बोलावून दाखवलं. हे हसून हसून खाली बसले. "बरं झालं, आधी शिकली नाहीस," म्हणाले.

पण नवा जावई आला त्या वर्षी यांचे हात गेले. म्हणजे दिसायला होते तसेच, पण वरून आल्यावर कप दोन्ही हातांनी धरला तरी चहा बशीत सांडायचा. खेकड्याचं हँडल जड, दगडावरून गेलं की हिसका खांद्यापर्यंत बसायचा. डॉक्टरांनी छाती तपासली आणि म्हणाले, हृदय थकलंय, ताकदीचं काम नको. थोरलीने कप बघितला आणि तिथेच विषय काढला.

"बाबा, आता नवी घ्या. मी देते."

जावई म्हणाला, "हल्लीच्या गाडीत शेजारी शेजारी दोन खुर्च्या असतात. वर छत, कमरेला पट्टा."

"खुर्चीत बसून डोंगर चढायचा? त्यापेक्षा सिनेमाला जातो."

"मस्करी नको," थोरली म्हणाली. "आणि आईचे गुडघे बघा. या वयात ती लोंबकळते मागे!"

शेवटी मिस्त्रीला बोलावलं. वर्षानुवर्षं खेकड्याचं सगळं तोच करायचा. तो गाडीखाली शिरला, ठोकून बघितलं आणि पाठ झटकत बाहेर आला.

"काका, हिला टाकू नका. सांगाडा दणकट आहे. हँडलला मोटर बसवतो, दोन बोटांनी वळेल. आणि चाकं दोन्हीकडून बाहेर घेतो, म्हणजे पाया रुंद होईल. मग ती वरची चाकं उचलली जाणार नाहीत. काकूंना यायलाच नको."

 मिस्त्री गेल्यावर हे खेकड्याच्या सीटवरची धूळ पुसत बसले. धूळ नव्हती.

संध्याकाळी मी भाजी निवडत होते, तिथे येऊन बसले. "तू सांग," म्हणाले.

सांगायचं काय होतं, ते दोघांनाही कळत होतं. गाडी आहे तशी ठेवली तर महिन्याभरात डोंगर सुटणार, काम दुसऱ्याला जाणार, आणि हा माणूस दारात बसून लोकांच्या बादल्या बघणार. बदलली तर हे वर जातील, पण मी खाली राहीन.

"सकाळी काय करशील मग?" त्यांनी विचारलं.

"झोपेन. इतक्या वर्षांची झोप बाकी आहे."

"आणि मी एकटाच जाऊ?"

"अहो, हात बघा तुमचे. बसवून घ्या."

"म्हणजे वजन नको आता."

"वजन घरी राहील. परत यायला काहीतरी नको का?"

मिस्त्रीने काम चोख केलं. पहिल्या दिवशी हे एकटे गेले आणि मी दारात उभी. परत आले, एका हाताने कप उचलला, गटागटा चहा प्यायले आणि मला बशी उलटी करून दाखवली. कोरडी होती.

पुढे माझी सकाळ वेगळी झाली. झोप काही लागायची नाही. स्वयंपाकघरातला नळ उघडा ठेवून बसायचे. आधी नळ खोकायचा, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. म्हणजे यांनी व्हॉल्व्ह खोलला. मग आधण ठेवायचे. चहा व्हायला आणि खेकडा अंगणात यायला गाठ पडायची.

वरच्या अंगाला शेळ्या चारणारी बाई एकदा म्हणाली, "वहिनी, भाऊ कोणाशी बोलतात हो? त्या आडव्या वाटेवर 'डोंगराकडे' म्हणून ओरडतात. मागे तर कोणीच नसतं."

मी हसले. घरात येऊन तोंडावर पाणी मारलं.

यांना विचारलं, तर म्हणाले, "गाडीला सवय आहे. ओरडलं नाही तर रुसते." मग कप खाली ठेवत, "गुडघे बरे झाले की चल एकदा. नुसती बसायला." गुडघे बरे व्हायचं ते वय नव्हतं. तरी मी "येते" म्हणाले.

त्या दिवशीही नळ खोकला. गढूळ पाणी आलं, मग स्वच्छ. मी आधण ठेवलं. चहा झाला, निवला. पुन्हा गरम केला. वस्तीतल्या सगळ्यांचं पाणी भरून झालं, कपडे वाळत पडले, तरी खेकडा आला नाही. मिस्त्री आणि शेळीवालीचा नवरा वर गेले.

गाडी टाकीजवळ सपाटीवर उभी होती. इंजिन बंद, ब्रेक लावलेला. जाळी धुऊन उन्हात वाळत ठेवलेली. हे मागच्या कॅरियरवर बसले होते, माझ्या जागेवर, डोंगराच्या बाजूला कलून.

मिस्त्री माझ्यासमोर उभा राहून रडला. "काकू, मी चाकं बाहेर घेतली नसती तर तुम्ही सोबत असता."

"असते तर काय केलं असतं? मी काय डॉक्टर आहे?" मी म्हटलं. "तुझ्यामुळे शेवटपर्यंत वर गेले ते. डोळे पूस."

त्याला बसवून चहा दिला. तो यांचाच होता, सकाळचा.

माझा नवरा, या वस्तीचा पाणीवाला, थोरलीच्या दुसऱ्या लग्नाच्या वर्षी, थंडी सुरू होताना, सकाळचं पाणी सोडल्यावर टाकीजवळ वारला.