पहारा बदलायला आलेला माणूस

१९७४ साली मी म्हसवडच्या पोलीस ठाण्यात हवालदार होतो. माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं मी जे केलं त्याला कुणी दया वगैरे म्हणायला नको.

कृष्णात नावाचा एक माणूस गावात होता. एकाहत्तरच्या लढाईतून परतलेला शिपाई, तिशीच्या आतला, अंगानं धडधाकट. घरी आल्यावर वर्षभर त्यानं शेती नीट केली. मग एक दिवस खांद्याला काठी लावून नदीच्या पुलावर जाऊन उभा राहिला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला परवलीचा शब्द विचारू लागला. लोकांनी आधी थट्टा केली. कुणी म्हणायचं ‘कांदा’, कुणी म्हणायचं ‘मेथी’. तो सगळ्यांना मागं फिरवायचा. त्याची बायको राहीबाई हिनं सिद्धनाथाचा अंगारा लावून पाहिला, नारळ उतरवून पाहिले. फरक शून्य.

बाजाराच्या दिवशी आप्पासो नावाच्या भुसार व्यापाऱ्यानं त्याला ढकलून बैलगाडी पुढं काढली. कृष्णातनं काठी घातली. आप्पासोचं मनगट मोडलं.

फौजदार म्हणाले, “गुन्हा नोंदवा आणि कोठडीत घाला.”

असली माणसं कोठडीत घातली की भिंतीवर डोकं आपटून घेतात आणि मग कागद आम्हालाच रंगवत बसावं लागतं. म्हणून मी म्हणालो, “साहेब, वेड लागलेल्याला मॅजिस्ट्रेटपुढं उभं करून औषधपाण्याला पाठवता येतं. कायद्यात आहे तसं.”

कायदा जुनाच होता. पण साताऱ्यापर्यंत माणूस नेण्याचा वैताग कुणालाच नको असायचा, म्हणून तो कुणाला आठवत नसे. फौजदारांनी माझ्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाले, “मग तुम्हीच न्या.” मी मनातल्या मनात स्वतःला चार शिव्या घातल्या.

पुलावर गेलो तेव्हा कृष्णातनं काठी उगारली होती. बरोबरचे दोन शिपाई मागच्या मागं सरकले. मी पुढं झालो, आणि त्याची नजर माझ्या बाहीवरच्या तीन फितींवर गेली. तो ताठ झाला, टाचा जुळवल्या.

“बदली आली का?” त्यानं विचारलं.

“आली,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? “हितली पोस्ट संपली. आता साताऱ्याला नवी पोस्ट हाय.”

एवढ्यावर तो निमूट एसटीत बसला. दोरी नाही, बेडी नाही. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं, हे कबूल करतो.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी कागद वाचून त्याला सदर बझारातल्या एका डॉक्टरांच्या स्वाधीन केलं. बंगलीवजा दवाखाना, आठ खाटा, पुढं लोखंडी फाटक. फाटकाशी कृष्णात थबकला.

“हितं कवापातूर?”

माझी परतीची गाडी सुटायला आली होती. मी म्हणालो, “मी सोता येऊन तुला पहाऱ्यावरनं उतरवीन. तवर पोस्ट सोडायची न्हाई.”

त्यानं सलाम केला. मी गाडी गाठली, आणि दहिवडी यायच्या आत ते बोलणं विसरूनही गेलो.

पुढं माझी बदली कवठे महांकाळला झाली. सातेक महिन्यांनी एका दुपारी ठाण्याच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. अंगावर प्रवासाची धूळ, हातात कापडी पिशवी. मी ओळखलं नाही.

“आवं हवालदार, त्येनला कवा सोडताय?”

“कुणाला?”

“आमच्या मालकास्नी.”

माझ्या कोठडीत त्या दिवशी एकच दारुडा होता. मी म्हणालो, “बाई, तो तुमचा न्हवरा?”

ती दारुड्याकडं बघून माझ्याकडं अशी बघायला लागली की जणू मीच प्यालोय. “म्या राही, म्हसवडची. डाक्टर म्हन्त्यात, मानूस बरा झाला, घेऊन जावा. दोन म्हयनं झालं. पर त्ये फाटकाम्होरनं हालंनात. हवालदारानं उभं केलंय म्हन्त्यात. तुमी कशापायी उभं केलंय त्येनला?”

मला काही उमगेना. मी कुणाला कशाला उभं करू? मी तिलाच उलट विचारलं, “बरा झालाय तर हलत का न्हाई?” ती म्हणाली, “त्येच तर तुमास्नी इचारायला आले.” आम्ही दोघं बराच वेळ एकमेकांना तेच विचारत राहिलो. मग कुठंतरी ते फाटक आठवलं, तो सलाम आठवला, आणि मीच त्याला दिलेला शब्द आठवला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिच्याबरोबर साताऱ्याला गेलो. डॉक्टर बाहेरच भेटले. तेही गोंधळलेलेच होते.

“जेवतो, झोपतो, हिशेबानं बोलतो, पेशंटांना पेपर वाचून दाखवतो,” ते म्हणाले. “पण दिवस उगवला की फाटकाशी. बरा झालाय असं कागदावर लिहू की नको, मलाच कळत नाही. लढाईत एका पुलावर तीन दिवस एकटा उभा होता म्हणे. बदलीला येणारी माणसं वाटेतच संपली. हे तुम्हाला माहीत होतं ना?”

मला कुठलं माहीत? मी तर माझी गाडी गाठली होती. फार लाज वाटली. मी टोपी सारखी केली आणि फाटकाकडं गेलो.

कृष्णात काठी घेऊन उभा होता. अंगानं भरला होता. डोळे अगदी शांत होते.

“पहारा संपला,” मी म्हणालो. “मी आलोय.”

त्यानं सलाम केला नाही. नुसता हसला. “लय उशीर केलासा, हवालदार.”

“तुला कळतंय का, ह्यो दवाखाना हाय?”

“कळतंय की. दिवाळीपासनं कळतंय.”

“मग गेला का न्हाईस, गड्या? बायको दोनदा येऊन माघारी गेली.”

तो म्हणाला, “म्या निघून गेलो असतो, तर तुमी येताय का न्हाई ते मला कसं कळलं असतं?”

त्यानं काठी माझ्या हातात दिली, राहीबाईची पिशवी घेतली आणि दोघं स्टँडच्या वाटेला लागली. वळणावर जाईपर्यंत त्यानं एकदाही मागं पाहिलं नाही.

डॉक्टर बाहेर आले. “मग काय लिहू? बरा झाला?”

मी काठी धरून तिथंच फाटकाशी उभा होतो. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, “अहो हवालदार, तो तर गेला. आता तुम्ही कुणाची वाट बघताय?”