खिसे रिकामे होते

माझ्या अंगात लोखंडाचा कणही नाही, मित्रांनो. पितळ, तांबे आणि लाकूड यांचा मी एक जुना चुंबकमापक. ज्वालामुखीच्या डोंगरावर खुणेच्या दगडांपाशी मला उभे करत आणि जमिनीचे चुंबकबळ मोजत. डोंगराच्या पोटातला तप्त रस वर चढू लागला की खडक तापतात, त्यांचे चुंबकत्व ओसरते आणि माझा आकडा घसरतो. म्हणजे डोंगर जागा होतो आहे. असल्या कामाला धीट गडी हवा. मी मात्र पहिल्यापासून भित्रा.

मला वाहून नेणारी ताई एकदा खिशात घराच्या किल्ल्या घेऊन वर आली. त्यांच्या लोखंडाने माझा आकडा घसरला, कार्यालयातल्या साहेबांनी पायथ्याचे गाव रिकामे केले आणि डोंगर काही हललाच नाही. तेव्हापासून कार्यालयात तिचे नाव 'किल्लीताई' पडले. माझी धूळ पुसायलाही कुणी येईना.

मग एका सकाळी आकडा धाडकन खाली आला. ताईने वायरलेसवर साहेबांना कळवले.

"परत किल्ल्या?" साहेब हसले.

"नाहीत हो, साहेब."

"नीट बघ. पुन्हा तोंडघशी पडायचं नाही मला."

पायथ्याच्या गावात तिचे बाबा होते. गुडघ्यांमुळे त्यांना दारापर्यंत यायलाही वेळ लागे. ताईने वायरलेस लांब ठेवला. घड्याळ, पट्टा, केसांतल्या पिना काढल्या. टाचांत खिळे असतात म्हणून बूटही काढले आणि तापल्या जमिनीवर ती अनवाणी उभी राहिली. तिने मला पुन्हा खुणेच्या दगडापाशी उभे केले. देवा, मी बिघडलेला निघू दे, असे मला वाटत होते. पण आकडा आणखी खाली गेला.

ती वायरलेसकडे धावली. "साहेब, अंगावर टाचणीसुद्धा नव्हती. अनवाणी मोजलंय मी. बाबांना बाहेर काढा. सगळ्यांनाच काढा!"

मग साहेबांचा बसलेला आवाज आला, "उतर खाली. मी भोंगा वाजवतो."

शेवटच्या गाडीत बाबा तिची वाट बघत बसले होते. संध्याकाळी डोंगर फुटला.

त्या राखेने मला कायमचे मुके केले. आता मी कपाटात असतो. दार आपटले तरी काळजात धस्स होते. ताई भेटायला येते, तेव्हा किल्ल्या अजूनही खोलीबाहेर ठेवते.

मित्रांनो, एखाद्या यंत्राने नको ते सांगितले, तर त्याला बिघडलेले म्हणण्याआधी आपले खिसे तपासा. आणि खिसे रिकामे निघाले, तर हसत थांबू नका. पळा.