दिवसातून चार वेळा

मित्रांनो, मी एक जुनी फुंकणी आहे. हातभर लोखंडी नळी, एवढाच माझा थाट. चूल पेटत नसली की माझं एक टोक निखाऱ्यांशी धरायचं आणि दुसऱ्या टोकातून फुंकायचं. मला तोंडं दोन आहेत, पण वेळेवर बोलता एकानंही आलं नाही.

माझा जन्म कोल्हापुरात मीरासाबच्या सायकल दुकानात झाला. ट्रकखाली सापडलेल्या एका सायकलचा एकच दांडा धड राहिला होता. तो कापून, कडा कानशीनं घासून त्यानं मला घरी नेलं. "घे, डोळ्यातलं पाणी तरी कमी हुईल," असं म्हणत बायकोच्या, बिबीजानच्या हातात दिलं. शेजारची तानाबाई मला मागून न्यायची आणि "लई झाक हाय गं तुजी फुंकणी," म्हणत परत आणून द्यायची. कौतुक कुणाला नको असतं? मीही तोऱ्यात असे.

१९६९ साली मीरासाबच्या लेकीला, नजीराला सहावं वर्ष लागलं आणि गोवर आला. गोवर गेला, पण छाती भरली. ओठ निळे पडले. मोठ्या दवाखान्यात तिचा श्वास थांबायला आला, तेव्हा घशात नळी घालून, पाळीपाळीनं रबरी पिशवी दाबून डॉक्टरांनी दोन दिवस तिला श्वास पुरवला. महिन्यानं पोर घरी आली. मीरासाबनं गल्लीत पेढे वाटले.

दवाखान्यातून निघताना तिथल्या डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं ते बिबीजान इतक्यांदा घोकायची की मलाही पाठ झालं. "हिची फुप्फुसं फार दुखावली आहेत. दिवसातून चार वेळा फुंकायचा व्यायाम करू दे. फुगा, पुंगी, घरात असेल ते चालेल. आणि दर सहा महिन्यांनी दाखवायला आणा."

फुगे दोन दिवसांत फुटले. पुंगी कुठं गेली कुणास ठाऊक. घरात होते मी.

नजीरा चुलीपुढं उकिडवी बसायची आणि मला ओठांना लावायची. तिचा दम एवढासा. फुंकून तोंड बाजूला घ्यायच्या आतच ती श्वास ओढायची, आणि चुलीतला धूर माझ्यातूनच तिच्या छातीत जायचा. मला ते कळत होतं. पण लोखंडाच्या नळीनं करायचं काय? वाकडं होणंही माझ्या हातात नव्हतं.

स्वयंपाक दोनदाच व्हायचा. उरलेल्या दोन वेळांसाठी बिबीजान मुद्दाम चूल पेटवायची. पावसाळ्यात जळणाच्या शेणी ओल्या असत, घर धुरानं भरून जाई. स्वतःचे डोळे पुसत ती म्हणायची, "फुंक बाळा, आनि जरा फुंक. डाक्टरीनबाईनं सांगितलंय."

दवाखान्यात दाखवायला मात्र कुणी नेलं नाही. पोर हसतखेळत होती, मग कशाला? हळूहळू ती पळताना मागं पडू लागली. थंडीत खोकला महिना महिना हटेना. दम वाढत नाही म्हणून बिबीजाननं व्यायाम वाढवला.

सहा वर्षांनी नजीरा तापानं फणफणली, तेव्हा तिला पुन्हा त्याच दवाखान्यात नेलं. बिबीजाननं मलाही घासूनपुसून पिशवीत घेतलं. बाईंना दाखवायचं होतं ना!

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ छाती तपासली. "व्यायाम चालू आहे का?"

"व्हय की! एक दिस खंड न्हाई," म्हणत बिबीजाननं मला टेबलावर ठेवलं. तिचा चेहरा अभिमानानं फुलला होता.

बाईंनी मला उचललं. काळवंडलेल्या टोकावरून बोट फिरवलं आणि बोटाला लागलेली काजळी बघत राहिल्या. "चुलीत फुंकते ही?"

"चार डाव. कवा पाच डाव बी."

बाई खुर्चीत मागं टेकल्या. मग त्यांनी सावकाश सारं समजावलं. रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "फुंकून हवा बाहेर जाते, पण धूर आत येतो, बाई. मीही तेव्हा विचारायला हवं होतं."

"आता?" बिबीजाननं नजीराला जवळ ओढलं. "आता हुईल की न्हाई बरी?"

"गेलं ते बहुतेक परत येणार नाही. उरलंय ते जपू."

बिबीजाननं पदर तोंडात कोंबला. "माज्याच हातानं केलं गं मी!" नजीरानं धापा टाकत आईच्या पाठीवर हात ठेवला आणि समजूत घातली, "रडू नगंस अम्मा. तू एक बी दिस चुकवला न्हाईस की."

मित्रांनो, आजारी लेकरू घरी आलं म्हणजे बरं झालं असं समजू नका. त्याला पुन्हा पुन्हा दाखवायला न्या, धुरापासून लांब ठेवा. आणि डॉक्टरांनी सांगितलेलं तुम्ही घरी कसं करता, ते एकदा त्यांच्यासमोर करून दाखवा. आमच्या घरात ते सहा वर्षं कुणाला सुचलं नाही.