दुसऱ्यांदा कोणी विचारलं नाही

ड्रेस्डेनला येऊन तिसरा महिना लागला तेव्हा गोपिकाची पँट कमरेवर थांबेना. मी इलॅस्टिक ओढून गाठ मारली, काही दिवसांनी पुन्हा मारली. चार वर्षांची मुलगी वाढायला हवी. ही कमी होत होती.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली, त्यामुळे एकेक कारण तपासून बाजूला काढत गेले. जंत नव्हते. दूध बदलून पाहिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त उत्तम आहे, नवा देश आहे, वेळ द्या. माझ्या नवऱ्याचं, भूपेशचंही मत तेच. नव्या नोकरीतून तो घरी यायचा तेव्हा दोन्ही मुलं झोपलेली असायची.

रविवारी नागपूरहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्यांना पडद्यावरही दिसलं. "लेकरू वाळून राहिलं वं. खायले देऊन राहिली ना तू?"

देत होते. बालवाडीतून आली की गोपिका बूट न काढताच पोळी खायला बसायची. घरचं आवडतं, असा मी त्याचा अर्थ लावला होता. तिच्या बाई, हाइके, म्हणायच्या की ती शांत, गोड मुलगी आहे, दुपारी तिला भूक नसते. त्या रोज विचारतात, ती नाही म्हणते, आणि नाही म्हणणाऱ्या मुलाला तिथे कोणी भरवत नाही. प्रवेश घेताना हाच नियम मला फार आवडला होता.

एकदा गोपिकाला दवाखान्यात न्यायचं म्हणून धाकट्या स्वानंदला कडेवर घेऊन मी जेवणाच्या वेळीच पोचले. काचेच्या दारातून टेबल दिसत होतं. उकडलेल्या बटाट्यांचं भांडं फिरत होतं. हाइकेनं वाकून गोपिकाला विचारलं. गोपिकानं, हात मांडीवर ठेवून, मान थोडीशी हलवली. भांडं पुढे गेलं. तिचे डोळे त्याच्या मागोमाग टेबलाच्या टोकापर्यंत गेले.

ती मान मी ओळखत होते. नागपूरला शेजारच्या कौसल्याकाकू चिवड्याची वाटी पुढे करायच्या तेव्हा ती अशीच हलायची. काकू आग्रह करायच्या, घे वं बाई, आणि गोपिका आजीकडे बघायची. आजी हळूच पापण्या मिटून उघडायची. मग हात वाटीत जायचा. नात किती समजदार, म्हणून दोघी कौतुक करायच्या. मीही करायचे.

घरी आल्यावर मी तिला जवळ घेऊन विचारलं.

"दुसऱ्याच्या घरी पहिल्यांदा नाही म्हणायचं," ती म्हणाली. "मग ते अजून विचारतात. ह्या मॅडम विचारतच नाहीत. मी रोज वाट पाहून राहते."

मी सांगितलं, इथे पहिल्यांदाच हो म्हणायचं. आजी हावरट म्हणेल, असं ती म्हणाली. मी सासूबाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग नातीला म्हणाल्या, "हो म्हणत जाय, माय," आणि तोंड फिरवलं. गोपिका पडद्याकडे बघत राहिली. आजीच्या पापण्या तिला दिसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही तिनं मान हलवली.

मग मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये हाइकेला विनंती केली, की गोपिकाला दोनदा विचाराल का. त्यांनी मन लावून ऐकलं. म्हणाल्या, "दुसऱ्यांदा विचारलं, तर तिला वाटेल की तिच्या नाहीला किंमत नाही." त्यांचं बरोबरच होतं. विचार करते, असं मात्र त्या म्हणाल्या.

काही दिवसांनी मी गोपिकाला आणायला गेले, तेव्हा वर्गात कुणाचा तरी वाढदिवस होता. हाइकेनं केकची ताटली माझ्यापुढे धरली. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं.

"नको," मी म्हणाले.

गोपिका माझा हात धरून उभी होती. तिनं वर माझ्याकडे बघितलं आणि हळूच पापण्या मिटून उघडल्या.

ताटली पुढे गेली होती.