अभिनंदनाची घाई

आप्पा घाई करणाऱ्यातले नव्हते. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात उभी हयात गोण्या वाहण्यात गेलेली, आता टोळीचे मुकादम झालेले. पाठीवर गोणी असताना घाई केली की माणूस तोंडावर आपटतो, हे ते टोळीतल्या नव्या पोरांना येता-जाता ऐकवत. पण ओझं सांभाळणं वेगळं आणि आनंद सांभाळणं वेगळं. आनंद पाठीवर घ्यायची आप्पांना सवयच नव्हती, म्हणून जानेवारीतल्या एका शनिवारी ते आपटले. आपटले तेही चौकात, सगळ्या बाजारादेखत.

त्यांची मुलगी राजलक्ष्मी, घरची राजी, पाम बीच रस्त्यालगतच्या एका बड्या खाजगी शाळेत बारावीला होती. अकरावीला परीक्षा देऊन तिने तिथे फी-माफी मिळवली होती. शाळा अशी, की तिथली मुलं पुढे कुठल्या कॉलेजात जाणार असं कुणी विचारत नाही, कुठल्या देशात जाणार असं विचारतात. त्यासाठी शाळेने गीतांजली मॅडम खास नेमलेल्या. अर्ज कुठे करायचा, निबंधात काय लिहायचं, काय गाळायचं, हे त्या सांगत.

राजीने अमेरिकेतल्या एका मोठ्या विद्यापीठात अर्ज केला होता. सगळा खर्च विद्यापीठाने उचलला तरच जाणं, नाहीतर राम राम. निबंध होता तिच्या कांद्यांच्या प्रयोगावर. थप्पीच्या मधल्याच गोण्या आधी का सडतात, हे शोधायला तिने थप्पीत ठिकठिकाणी थर्मामीटर ठेवले होते आणि अख्ख्या टोळीला कामाला लावलं होतं. निबंधाच्या पहिल्या खर्ड्यात टोळीतली माणसं नावानिशी होती. मॅडमनी ती काढायला लावली. तिकडे तुझं एकटीचं काम दिसायला हवं, गर्दी नको, असं त्यांचं म्हणणं. राजीने मुकाट्याने काढली.

तर त्या शनिवारी विद्यापीठाची मेल आली. आमचे एक माजी विद्यार्थी नवी मुंबईतच असतात, ते तुमची मुलाखत घेतील, येत्या बुधवारी या. राजीने आईला सांगितलं, विजयमालाबाईंनी बाजारात फोन लावला आणि आप्पांना म्हणाल्या, "अवो, राजीला अमेरिकेच्या कालेजानं बोलावलंय."

इथे आप्पांना हसण्याआधी त्यांची रीत समजून घ्या. आप्पा माण तालुक्यातून आले तेव्हा कित्येक महिने टोळीच्या कडेला नुसते बसून होते. त्यांच्या पाठीमागे चौकशा झाल्या, कुणाचा कोण, पितो का, भांडतो का. सगळं ठरलं आणि मग एक दिवस बोलावणं आलं, की उद्यापासून ये. टोळीत असंच चालतं. आधी ठरतं, मग बोलावतात. ठरलेलं नसताना कुणाला बोलवायचं आणि परत पाठवायचं, हा त्यांच्यात अपमान समजतात. तेव्हा अमेरिकेने बोलावलं म्हटल्यावर आप्पांच्या लेखी विषय संपला होता.

संध्याकाळपर्यंत तुर्भ्याच्या वळणावर फ्लेक्स चढला. 'आमची लेक कु. राजलक्ष्मी हौसेराव जगदाळे हिची अमेरिकेतील जगप्रसिद्ध विद्यापीठात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' खाली शाळेचं नाव, ठसठशीत. मध्ये राजीचा फोटो, कोपऱ्यात आप्पांचा, आणि खाली शुभेच्छुक म्हणून अख्खी टोळी. पहिल्या रांगेवरून जरा बाचाबाचीही झाली. शहाजीने, आप्पांच्या सगळ्यात जुन्या साथीदाराने, लग्नातला गॉगल घातलेला फोटो दिला आणि तो पहिलाच लागला पाहिजे म्हणून फ्लेक्सवाल्याच्या दुकानात ठाण मांडून बसला. राजीला कुणी विचारलं नाही. तिला दाखवून चकित करायचं होतं ना.

चकित सगळेच झाले. रविवारी कुणा पालकाने फ्लेक्सचा फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकला, आणि सोमवारी सकाळी आप्पांना शाळेतून बोलावणं आलं. यावेळीही सगळं आधी ठरलेलंच होतं, पण वेगळं.

गीतांजली मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर आप्पांना बरं वाटलं असतं. त्यांनी शांतपणे समजावलं की ही नुसती मुलाखत आहे, निवड मार्चअखेर कळेल, आणि मुलाखतीला बोलावलेल्यांतले बहुतेक परतच येतात. हा फोटो कुणी विद्यापीठाला पाठवला, तर मुलीनेच खोटी जाहिरात केली असं धरून अर्ज बाद होऊ शकतो. पालक विचारतायत, शाळेला उत्तर द्यावं लागतंय. शिवाय मुलाखत घेणारे हरेशसाहेब महापेला बसतात, रोज त्याच वळणावरून जातात.

"मॅडम, चूक माझी हाय," आप्पा म्हणाले. "पोरीच्या नावावर लावू नगा."

"मी नाही लावणार, आप्पा. पण तिकडे ते तुम्हाला ओळखत नाहीत. फक्त तिला ओळखतात."

आप्पा तिथून तडक तुर्भ्याला आले. भर दुपार, ट्रक खाली होण्याची वेळ, रस्ता माणसांनी भरलेला. ते स्वतः शिडीवर चढले, खाली शहाजीने शिडी धरली. एका व्यापाऱ्याने गाळ्यातूनच विचारलं, की काय मुकादम, अमेरिका रद्द झाली काय. चार लोक हसले. आप्पांना खोटं सांगता आलं असतं, की वाऱ्याने फाटला, दुसरा लावतोय. त्यांनी शिडीवरूनच सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की पोरीला नुसतं बोलायला बोलावलंय, घाई माझी झाली. मग गाठी सोडल्या. शनिवारी त्यांनीच मारलेल्या गाठी, गोण्या बांधणाऱ्या हाताच्या, सोडता सुटेनात.

कोपरखैरण्याच्या घरी राजी जेवली नाही. आप्पा ताटावर बसले आणि तसेच उठले. शेवटी तीच बोलली, भिंतीकडे बघत.

"आप्पा, त्या शाळेत मी दोन वर्षं एकच गोष्ट सांभाळली. माझ्यावर हसायला कुणाला कारण मिळायला नको. तेवढंच सांभाळलं होतं."

आप्पांना आयुष्यात कुठलीच गोणी एवढी जड लागली नव्हती. फ्लेक्स कचऱ्यात टाकायला म्हणून त्यांनी उचलला, तो विजयमालाबाईंनी काढून घेतला. एवढं चांगलं जाड कापड कुणी टाकतं का, उन्हाळ्यात कामाला येईल, असं म्हणत त्यांनी तो घडी घालून माळ्यावर टाकला. नवरा चुकला म्हणून वस्तू फुकट घालवणाऱ्यातल्या त्या नव्हत्या.

बुधवारी आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून राजीबरोबर महापेला निघाले. रिक्षात त्यांनी मनातलं सांगितलं, की मी वर येतो, साहेबांना हात जोडतो, खरं काय ते सांगतो.

"नको," राजी म्हणाली. "तुम्ही हात जोडलेत तर त्यांना तुमची दया येईल. मला दया नकोय. मीच सांगते."

ती काचेच्या इमारतीत गेली. आप्पा समोरच्या टपरीवर बसले. एक चहा झाला, दुसरा झाला, तिसरा समोर गार झाला. उशीर होणं चांगलं की वाईट, हे त्यांना कळेना. बाजारात ज्याचा माल पटकन उठतो तो नशीबवान, इथलं गणित कुणाला ठाऊक. गळ्यात पट्टे अडकवलेली पोरं-पोरी आत-बाहेर करत होती, आणि प्रत्येक मुलगी लांबून त्यांना राजीच वाटत होती.

ती आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. ती बाकावर शेजारी बसली, त्यांच्या गार चहाचा एक घोट घेतला आणि सांगू लागली.

हरेशसाहेबांनी फ्लेक्स सोमवारी सकाळीच कामावर येताना पाहिला होता, त्याचा फोटोही काढला होता. ती स्वतःहून सांगायच्या आतच त्यांनी फोनमधला फोटो तिच्यापुढे धरला आणि हे खरं का म्हणून विचारलं. तिने सांगितलं, खोटं आहे, वडिलांची चूक झाली. का झाली, तेही सांगितलं, टोळीची रीत, आधी ठरतं मग बोलावतात. साहेबांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी फोटो मोठा केला आणि खालच्या चेहऱ्यांवर बोट ठेवून विचारलं, की हे सगळे कोण.

"मग?" आप्पा म्हणाले.

मग राजी पहिल्या रांगेपासून सुरू झाली. शहाजीकाका, थप्पीच्या आत काठी जाईना तेव्हा खांद्यापर्यंत हात घालून थर्मामीटर ठेवणारे. त्यांच्या शेजारचे, रात्रपाळीत दर थोड्या वेळाने आकडा वाचून मोबाइलवर फोटो पाठवणारे. त्यापुढचे, एक थप्पी प्रयोगापुरती हलवू नका म्हणून व्यापाऱ्याशी भांडण घेतलेले. आकडे चुकीचे येतायत, दाराजवळच्या गोण्यांना वारा लागतो, हे पहिल्यांदा कुणी म्हटलं, तेही तिने सांगितलं. एकेक चेहरा, एकेक काम. बोलता बोलता ती घाबरायचंच विसरली.

"शेवटी साहेब म्हणाले, ही माणसं तुझ्या निबंधात कुठे दिसली नाहीत. मी म्हणाले, होती. काढायला सांगितली, मी काढली. माझ्या वडिलांनी मला न विचारता त्यांना फ्लेक्सवर घेतलं आणि मी त्यांना न विचारता निबंधातून काढलं. दोघांचंही चुकलं, पण माझं जास्त." राजीने नाक पुसलं. "आप्पा, मला तिथे रडू आलं. काय होईल माहीत नाही. पण मला आता हलकं वाटतंय."

आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग विचारलं, की साहेब हसले का गं.

"एकदाच. शहाजीकाकांच्या गॉगलला."

त्यानंतर आप्पांनी एकदाही विषय काढला नाही. बाजारात कुणी विचारलं तर कळेल तेव्हा कळेल, म्हणत. फेब्रुवारी गेला, बोर्डाचे पेपर झाले, ऊन तापू लागलं आणि वसाहतीच्या गच्चीवर बायकांची उन्हाळकामं सुरू झाली.

मार्च संपता संपता एका पहाटे विजयमालाबाईंनी गव्हाचा चीक शिजवला. कुरडयांचा सोऱ्या दाबायला मनगट लागतं, म्हणून आप्पांना गच्चीवर नेलं होतं. माळ्यावरचा फ्लेक्स दोन्ही बाजूंनी धुऊन, छपाई खाली आणि पांढरी पाठ वर करून अंथरला होता. जगप्रसिद्ध विद्यापीठाच्या पाठीवर आप्पा गोल गोल कुरडया घालत होते, आणि काम छान चाललं होतं.

राजी अनवाणीच जिना चढून आली. हातात फोन. दारात उभी राहिली. विजयमालाबाईंच्या हातातली कढई तशीच राहिली.

"आप्पा," ती म्हणाली, "झालं."

आप्पांनी सोऱ्या खाली ठेवला नाही. त्यांना धीर होत नव्हता. "बोलावलंय, का ठरलंय?"

"ठरलंय. सगळा खर्च त्यांचा. ऑगस्टमध्ये जायचं."

विजयमालाबाईंनी पदर तोंडाला लावला. आप्पा चिकाने माखलेले हात लांब धरून मुलीपुढे उभे राहिले, जवळ कसं घ्यावं कळेना, मग राजीच येऊन बिलगली. तिकडच्या लोकांनी नेमकं काय पाहून तिला घेतलं, हे कुणालाच कळलं नाही. त्यांनी सांगितलं नाही आणि हिने विचारलं नाही. आप्पा मात्र रडले, चांगले हुंदके देऊन रडले, आणि त्याची त्यांना लाजही वाटली नाही.

दहाच्या सुमारास शहाजीचा फोन आला. बातमी बाजारात पोचली होती. नवा फ्लेक्स करायचा का, की पुन्हा उतरवायची पाळी येईल, असं त्याने जपून विचारलं. राजीने फोन आप्पांच्या हातातून घेऊन स्पीकरवर टाकला.

"नवा कशाला, काका? जुनाच लावा. त्यातलं आता काहीच खोटं नाही. आणि गॉगल पहिल्याच रांगेत राहू दे."

शहाजी म्हणाला, मग लगेच माणूस पाठवतो. शाळेने तर सकाळीच गेटवर स्वतःचा फ्लेक्स चढवलाय, गीतांजली मॅडमसकट. आपण मागे का राहायचं?

आप्पांनी गच्चीवर नजर टाकली. राजीच्या नावावर, टोळीच्या डोक्यांवर ओल्या कुरडया पसरल्या होत्या आणि ऊन आता कुठे तापू लागलं होतं.

"लावू दे त्यास्नी," ते फोनवर म्हणाले. "आपल्याला दोन दिस थांबाय लागंल, शहाजी. कुरडया वाळू देत आधी."