हळदीतली नावं

चाकूरपासून रेणापूरपर्यंत हळद कुणाचीही असो, गायला मलाच बोलवायचे. चाळीस वर्षं! आता माझ्याच धाकट्या बहिणीच्या, सत्वशीलाच्या दारात तिच्या लेकाची, सुदर्शनची हळद, आणि गाणार कोण? तर डबा! मोबाइलला जोडलेला, निळे दिवे मिचकावणारा स्पीकर.

"मावशी, रागावू नको गं," नवरदेवाची बहीण ऋतुजा म्हणाली. "ॲपमधी नावं भरली की गाणं तयार होतंय. तुझा घसाबी दुखायचा न्हाई."

घसा माझा, दुखेल नाही तर फाटेल, हिला काय करायचंय? गावोगावच्या सुपाऱ्या या ॲपने आधीच खाल्ल्या होत्या. निदान घरची हळद तरी माझ्याकडे राहील, एवढीच आशा होती. तीही गेली. मी तोंड फुगवून मांडवाच्या कोपऱ्यात बसले आणि डबा कधी चुकतो याची वाट बघू लागले.

त्यातली बाई गोड गात होती, नाही म्हणत नाही. पण मेली मध्ये श्वास म्हणून घेईना. तिसऱ्याच कडव्यात तिने सुदर्शनच्या चुलत्यांना, शेषेरावांना, हळद लावायला बोलावलं. बांधाच्या भांडणापासून शेषेराव या घरचं पाणीही पीत नाहीत. लग्नाला ते येणार नव्हतेच. बायका पदरात तोंड लपवून हसल्या.

"घ्या! म्या घेतलं असतं का असलं नाव?" मी मुद्दाम मोठ्याने म्हणाले. हळद गायची तर नुसता गळा असून भागत नाही, कुणाला वगळायचं तेही कळावं लागतं. मला भलतंच बरं वाटलं.

तेवढ्यात डब्यातून आलं, "सत्वशीलाबाई, या हो या, लेकाला हळद लावा."

दाजी जाऊन सहा वर्षं झाली होती. विधवेचं नाव आमच्याकडे हळदीत घेत नाहीत. दाजी गेल्यापासून मीसुद्धा, सख्खी बहीण असून, ते एकदाही घेतलं नव्हतं. सत्वशीला सकाळपासून स्वयंपाकघरातच होती.

"बंद कर ते आधी!" मी ऋतुजावर खेकसले.

ती रडकुंडीला आली. "मावशी, तिथं 'नवरदेवाची आई' असं इचारलं होतं. म्या भरलं."

घाबरून तिला मोबाइल धड बंद करता येईना. डबा आपला बोलावतोच आहे.

सत्वशीला बाहेर आली. ओले हात पदराला पुसले, ताटातली हळद घेतली आणि लेकाच्या दोन्ही गालांना लावली. एवढा मोठा सुदर्शन, हुंदके देऊन रडायला लागला. तिला कुणी अडवलं नाही.

आत जाताना ती माझ्यापाशी थांबली. रागात नव्हती, साधंच बोलली.

"आक्का, गाणं तुझ्याकडं असतं, तर मी आतच ऱ्हायले असते."