विरघळणारा हिरा

त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यालगतच्या मांडवात मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. गोमेदबाबांनी चांदीच्या चिमट्यात धरलेला बोराएवढा हिरा काचेच्या वाडग्यात सोडला, आणि हिरा दिसेनासा झाला! पाणी नितळच. लोकांनी हात जोडले.

"आठशे वर्षांपूर्वीचा हिरा, भक्तांनो! सापांनी भरलेल्या दरीत मांस फेकायचे. त्याला चिकटलेले हिरे गरुड वर आणायचे. त्यातलाच हा! तुमचा रोग ओढून घेतो, पाण्यात विरतो, संध्याकाळी पुन्हा प्रकटतो!"

हिऱ्यालाही बाबांनी ड्युटी लावली होती. मला हसू येत होतं, पण तीर्थाच्या रांगेत भागीबाई दिसली आणि ते गेलं. पेठ तालुक्याकडची ही बाई माझ्या सरकारी दवाखान्यातून लेकीसाठी क्षयाच्या गोळ्या न्यायची. महिनाभर फिरकली नव्हती. लेक पल्लवी तिच्या खांद्याला टेकून खोकत होती.

"गोळ्या चालू आहेत ना?"

"बंद केल्या, डागदर. बाबा बोलला, गोळी न् हिऱ्याचं पाणी एका पोटात नाय चालत."

माझं डोकं फिरलं. मी थेट बाबांपुढे गेलो.

"ती दरीची गोष्ट जुन्या व्यापाऱ्यांनी पिकवली, असं जाणकार म्हणतात. खाणीचा पत्ता लागू नये आणि भाव चढा राहावा म्हणून! खरे हिरे मजूर बायामाणसं माती धुऊन, चाळून काढत. आपणही चाळून बघू."

शेजारच्या चहावाल्याची गाळणी घेतली. "अपवित्र होईल!" असं बाबा ओरडेपर्यंत मी वाडगा तिच्यावर उपडा केला होता. हिरा गाळणीत बसलेला! बोटाने दाबला, तर त्याचा चुरा झाला.

पुढे बसलेले द्राक्षबागायतदार बहिरूआप्पा उठले. "आरं, हे तर जेल हाय! ओल टिकवायला आपुनच येलींच्या मुळाशी घालतो की!"

बागेत हाताळलेली वस्तू चांदीच्या चिमट्यात कोणालाच ओळखू आली नव्हती. हा खडा पाणी पिऊन फुगतो. फुगल्यावर तो बहुतेक पाणीच असतो, म्हणून पाण्यात दिसत नाही. खरा हिरा पाण्यातही दिसतो, आणि विरघळत तर नाहीच.

लोक बाबांवर धावले. भागीबाई मात्र माझ्याकडे वळली.

"मंग महिनाभर गोळ्या चुकल्या, त्याचं काय व्हईल?"

गोळ्या मध्येच सोडल्या की क्षय कधी कधी त्यांना जुमानेनासा होतो.

"आत्ताच दवाखान्यात चला," मी म्हणालो. "बेडका पुन्हा तपासू."

चमत्काराशिवाय नमस्कार नाही, असं आपण म्हणतो. तर मग नमस्काराआधी एकदा गाळणी मागा, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका. बाबांचा हिरा त्याच दिवशी फुटला. पल्लवीचा रिपोर्ट अजून यायचा आहे.